कापरासारखं उडून जाणारं औषध

पेठ तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं. वडील डायलिसिससाठी सावळ घाट ओलांडून नाशिकला जातात. आता मणक्यात नस दबलीय, एक पाय जड पडतो. हाडांचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, किडनीचे म्हणतात जरा थांबा. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही. दोघं एकमेकांशी बोलले असतील तर.

आवणीच्या दिवसांत पेठकडे कंबर धरली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी येते. अधू किडनीला तीच गोळी भोवते, कारण किडनीत रक्त आणणारी रक्तवाहिनी सैल ठेवणारी रसायनंच ती अडवते. ऑपरेशननंतर तरी ती कशी द्यायची? मॉर्फिनही जपूनच द्यावं लागतं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते लघवीवाटे जातं. ते साचलं की श्वास मंदावतो.

मोरी तुंबलेल्या घरात पाणी वापरायचं, तसं हे भूल देणं. स्नायू सैल करणारं गॅलामाइन हे जुनं औषध जवळपास सगळं किडनीतूनच बाहेर पडायचं. किडनी बंद, तर पेशंट तासन्‌तास लुळा.

इथे मला जॉन स्टेनलेक आठवतात. भूल देणारे रोज त्यांचं औषध टोचतात, नाव मात्र क्वचितच घेतात. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले हे रसायनतज्ज्ञ लेबनॉनमधल्या एका वनस्पतीतलं पेटालिन नावाचं रसायन तपासत होते. ते फारच सहज मोडायचं. रसायनतज्ज्ञ हॉफमन यांनी 1851 मध्ये सांगितलेल्या ज्या विघटनाला एरवी कडक उष्णता आणि तीव्र अल्कली लागते, तेच इथे हलक्या अल्कलीत घडत होतं. मग हे रक्ताच्या उबेत का घडू नये? 1974 मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत स्नायू सैल करणारं अ‍ॅट्राक्युरियम तयार झालं. उघड्यावर ठेवलेला कापूर जसा उडून जातो, तसं हे रक्तात आपोआप मोडतं. किडनीची वाट पाहत नाही. (लॉडॅनोसिन नावाचा अंश मागे उरतो, पण नेहमीच्या मात्रेत तो त्रास देत नाही.)

मणक्याच्या ऑपरेशनात याचा दुहेरी फायदा. मेंदूकडून विजेचे इशारे पाठवून पायाचे स्नायू हलतात का, हे मधूनमधून पाहतात. तेव्हा स्नायू लुळे असून भागत नाही, आणि हे औषध तोवर आपोआप ओसरतं.

रक्तस्रावाचा घोळ वेगळा. प्लेटलेटचा आकडा दोन लाख, रिपोर्ट चकाचक, पण रक्तातल्या विषारी द्रव्यांमुळे त्या एकमेकींना धड चिकटत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी डायलिसिस, तेही शक्यतो रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनशिवाय. डेस्मोप्रेसिन या औषधाने हा रक्तस्राव काही तास आवरतो, हे इटलीतल्या मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये दाखवलं. शिवाय अशा पेशंटचं हाड अनेकदा ठिसूळ, त्यात स्क्रूची पकड ढिली. ‘दुर्बिणीतून, एका टाक्यात’ अशा जाहिरातींनी यातलं काहीच टळत नाही. चीर लहान झाली म्हणून किडनी सुधारत नसते.

पत्रलेखकाने एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवावी: फिस्ट्युला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, कोणत्या हाताला आहे. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही. पेशंटला पालथं झोपवल्यावर तो हात उशीवर मोकळा ठेवतात आणि मनगटापाशी बोट टेकवून बघतात. फिस्ट्युला चालू असेल तर मांजर घुरघुरावं तशी थरथर लागते. ऑपरेशन संपून पेशंट उताणा केला की पुन्हा तिथेच बोट टेकवतात.