पडून राहिलेल्या पैशाचा हिशेब

मागच्या लेखांकात आपण इस्लाममधली व्याजबंदी पाहिली. व्याज नाही म्हटल्यावर पैसा घरातच पडून राहील, मग व्यापारउदीम वाढणार कसा, हा प्रश्न तिथे उरला होता. त्याच्या उत्तराचा मोठा भाग जकातीत, म्हणजे मुस्लिमांवर बंधनकारक असलेल्या वार्षिक दानात आहे.

मालेगावातला एखादा यंत्रमाग कारखानदार रमजानात वर्षाची जकात काढायला बसतो, तेव्हा कारखान्यातले माग तो हिशेबात धरत नाही. शेड, मोटर, राहतं घर, वापरातली दुचाकी, यांपैकी कशावरच जकात नाही. गोदामातलं सूत मात्र धरावं लागतं आणि विणून पडलेले तागेही, तेसुद्धा त्या दिवशीच्या बाजारभावाने. गल्ल्यातली रोकड, बँकेतली शिल्लक, घरातलं सोनं-चांदी आणि वसूल होईलच अशी उधारी यांची तो बेरीज करतो, देणी वजा करतो आणि उरलेल्या रकमेचे अडीच टक्के बाजूला काढतो. ही उरलेली रक्कम साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी भरली नाही, तर त्याच्यावर जकात लागू होत नाही. जकातीचं वर्ष चांद्र असतं, सुमारे 354 दिवसांचं.

म्हणजे हा प्राप्तिकर नव्हे. वर्षभरात किती कमावलं, यापेक्षा वर्षाअखेरीस किती साठून राहिलं, हे इथे महत्त्वाचं. दहा लाख रुपये तिजोरीत ठेवून दरवर्षी त्यातूनच जकात दिली, तर दहा वर्षांनी साधारण 7 लाख 76 हजार उरतात, वीस वर्षांनी सहा लाखांच्या थोडे वर. तेच पैसे मागांमध्ये घातले तर मागांना जकात नाही, फक्त त्यांवर निघालेल्या, न विकलेल्या कापडाला आहे. पैसा कामाला लावा, असा या नियमांचा रोख स्पष्ट दिसतो. जकातीमुळे आर्थिक वाढीला हातभार लागतो असं म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञांचा पहिला मुद्दा हाच असतो.

मला तो पटतो, पण एक वाट त्यातून सुटते. विकण्याच्या हेतूने न घेतलेल्या जमिनीवर हनफी या सुन्नी विधिपंथाच्या मतानुसार जकात नाही. त्यामुळे तिजोरीतला पैसा मागांकडेच वळेल याची खात्री नाही. तो गावाबाहेरच्या प्लॉटमध्येही जाऊन बसू शकतो, आणि त्या प्लॉटवर कुणाच्या हाताला काम मिळत नाही.

दुसरा मुद्दा घेणाऱ्यांचा. कुराणाच्या नवव्या सूरेतल्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत गरीब आहेत, प्रवासी आहेत आणि कर्जात बुडालेलेही आहेत. श्रीमंताला हजार रुपये जास्त मिळाले तर त्यातले बरेचसे शिलकीत जातात. गरिबाच्या हाती आलेले हजार त्याच आठवड्यात किराणा, औषध, शाळेची फी यांत खर्च होतात आणि गावातल्याच दुकानदाराकडे पोचतात. कर्जदाराचा उल्लेख मला विशेष मोलाचा वाटतो, कारण सावकाराच्या हप्त्यांतून सुटलेला माणूस पुन्हा धंदा उभा करू शकतो.

ही व्यवस्था सरकारने हाती घेतली की काय होतं, ते पाकिस्तानात दिसलं. 1980 मध्ये जनरल झिया उल हक यांनी जकात आणि उश्र (शेतीच्या उत्पन्नावरची जकात) यांचा अध्यादेश काढला. रमजानच्या पहिल्या तारखेला बचत खात्यांतून अडीच टक्के परस्पर कापले जाऊ लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये शिया समाजाने इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं आणि त्यांना प्रतिज्ञापत्रावर सूट मिळाली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुन्नींनाही सूट घेण्याचा मार्ग मोकळा केला. चालू खात्यांना ही कपात नव्हती. मग रमजान तोंडावर आला की बचत खात्यांतून पैसे काढून घेण्याची रीतच पडली. जो पैसा बँकेतून कर्जरूपाने उद्योगाला मिळायचा, तो ऐन मोक्याला बाहेर पडू लागला.

हे लोक जकात द्यायला तयार नव्हते, असं मी मानत नाही. खातं रिकामं करून तीच रक्कम ओळखीतल्या विधवेला किंवा जवळच्या मदरशाला देणारे पुष्कळ होते. जुन्या फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, उघड मालमत्ता आणि झाकली मालमत्ता असा फरक आहे. शेतातलं पीक, चरणारी जनावरं उघड, त्यांची वसुली राज्याने करावी. रोकड आणि सोनं-चांदी झाकली, ती मालकाच्या इमानावर सोडावी. ही प्रथा तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळापासूनची मानली जाते. इस्लामाबादेतल्या अधिकाऱ्यांनी बँकेतली शिल्लक उघड मालमत्तेत धरली आणि लोकांनी ती पुन्हा झाकून टाकली.

मलेशियाने वेगळा मार्ग काढला. तिथे व्यक्तीने अधिकृत संस्थेकडे भरलेली जकात प्राप्तिकराच्या रकमेतून थेट वजा होते, रिंगिटला रिंगिट. पावती घेऊन भरण्यात देणाऱ्याचाच फायदा असल्याने शिल्लक लपवण्याचं कारण उरत नाही.

जकातीला एक मर्यादा मात्र आहे. हनफी मतात जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावीच लागते, याला तमलीक म्हणतात. विधवेला शिलाई मशीन घेऊन देता येतं, कारण ते तिचं होतं. पण विहीर, पूल किंवा दवाखाना कुणा एकाच्या मालकीचा होत नाही, म्हणून तो या पैशातून बांधता येत नाही. त्यासाठी मुस्लिम समाजाने वक्फ ही वेगळी व्यवस्था उभी केली. पुढचा लेखांक तिच्यावर, छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपासून सुरुवात करून.