तंजावरची बाहुली आणि वैमानिकाचा कान

तंजावर म्हटले की मराठी वाचकास भोसले राजांची राजधानी आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांचे स्मरण होते. त्याच नगरात मातीची एक प्रसिद्ध बाहुली तयार होते. तिचे बूड गोलाकार व जड असून वरचा भाग हलका असतो. म्हणून ती कितीही आडवी पाडली तरी डोलत डोलत पुन्हा उभी राहते. नगराजवळ हवाई दलाचा तळ आहे. तेथे २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानांचे २२२ क्रमांकाचे पथक उभारण्यात आले. असली प्रचंड विमाने चालविणारा वैमानिकही आपले पहिले धडे लहान विमानातच गिरवितो आणि त्याच्या शिक्षणाचा काही भाग जमिनीवरच, उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्रात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, पार पडतो. ही नक्कल खऱ्या उड्डाणाशी कितपत जुळते, हे समजून घेण्यास तंजावरची बाहुली आपल्याला मदत करील.

ही बाहुली एका लहान विमानाच्या तळावर ठेवली आहे, अशी कल्पना करा. विमान सरळ चालले असता ती ताठ उभी राहील. आता वैमानिकाने विमान एका बाजूस ६० अंश कलते करून, उंची कायम राखून, व्यवस्थित वळण घेतले. बाहुली कलंडेल असे आपणांस वाटेल. परंतु ती विमानाच्या तळाशी काटकोन करून तशीच उभी राहील. याचे कारण असे की, बाहुलीला जाणवतो तो केवळ तळाचा रेटा, आणि तो रेटा तळाशी काटकोनातच असतो. मात्र या वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट जोर लावावा लागतो. त्यातील एक घटक वजन पेलतो व दुसरा विमानास वळवितो. म्हणून बाहुलीचे वजन दुप्पट भासेल आणि ६० किलोग्रॅम वजनाच्या वैमानिकास आपण १२० किलोग्रॅमचे झालो आहोत असे वाटेल.

माणसाचा अंतःकर्णही या बाहुलीसारखाच फसतो. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो व त्याच्या हालचालीवरून वळण्याची जाणीव होते. परंतु वळण एकसारख्या वेगाने काही सेकंद चालू राहिले की द्रवही नलिकांबरोबर फिरू लागतो आणि ती जाणीव मावळते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात शिरल्यावर हा आधार नाहीसा होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याची परीक्षा घेण्यात आली. उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, लहान विमान चालवावयास दिले. सर्वांचाच विमानावरील ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत! थोडक्या शिक्षणानंतर मात्र तेच लोक जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप मागे वळू शकले.

हे शिक्षण जमिनीवर देता येईल, हे एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने ओळखले. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमधील हवेच्या भात्यांचाच उपयोग करून त्याने १९२९ साली कलणारे, वळणारे एक छोटेसे विमान बनविले. प्रारंभी ते करमणुकीच्या उद्यानांत खेळणे म्हणून विकले गेले. १९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपालवाहतूक सोपविण्यात आली, तेव्हा खराब हवेत अनेक वैमानिक मृत्यू पावले. त्यानंतर सैन्याने अशी सहा यंत्रे विकत घेतली, आणि ते खेळणे शाळा बनले.

आता बाहुली आधुनिक सिम्युलेटरमध्ये ठेवू. सहा पायांवर उभी असलेली त्याची खोली हळूच मागे कलविली, आणि पडद्यावरचे दृश्य मात्र सरळ ठेवले, तर बाहुलीचे डोके मागे झुकेल. खरे विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हाही ते असेच झुकते. या दोन स्थितींतील भेद बाहुलीला कळत नाही, तसा तो कानालाही कळत नाही. यंत्राची सारी युक्ती या अज्ञानावर आधारलेली आहे. तथापि खोली कितीही कलविली तरी वजन दुप्पट होत नाही. साध्या, न हलणाऱ्या यंत्रात तर बाहुली सदैव स्तब्धच राहील.

येथेच एक महत्त्वाचा फरक दिसून येतो. खऱ्या विमानात वळताना पायाने चालवावयाचे सुकाणू चुकीचे दाबले गेले, तर बाहुली बाजूस झुकेल आणि वैमानिकाचे शरीरही आसनावर एका बाजूस ढकलले जाईल. न हलणाऱ्या यंत्रात हीच चूक केवळ फलकावरील वक्र नळीतील छोट्या गोळीवरून कळते. म्हणून घरच्या संगणकावर पुष्कळ सराव केलेला विद्यार्थी प्रथम लहान विमानात बसला, म्हणजे त्याची दृष्टी बाहेरच्या क्षितिजाऐवजी फलकावर खिळून राहते, असे शिक्षकांना अनेकदा आढळते.

उलट, उड्डाण करताच इंजिन बंद पडले तर काय करावे, हा धडा यंत्रात दहा वेळा चुकून अकराव्या वेळी बरोबर करता येतो. आकाशात अशी मुभा नसते. गोंदियाजवळ बिरसी येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यास म्हणूनच दोन्हींची गरज असते. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे, आणि सिम्युलेटरमधील सराव उपकरणांच्या आधारे करावयाच्या उड्डाणापुरताच, तोही मर्यादित प्रमाणात, धरला जातो.

शरीराच्या संवेदना केव्हा मानाव्यात आणि केव्हा त्यांच्यावर अविश्वास ठेवावा, हा विवेक वैमानिकास शिकावा लागतो. वारा, वजन आणि आसनाचा रेटा यांची ओळख लहान विमान करून देते; ढगात शिरल्यावर त्याच रेट्याकडे दुर्लक्ष करून उपकरणांवर भरवसा ठेवण्याची सवय सिम्युलेटर लावतो.