शिखर कोणाच्या मालकीचे?

‘कम्फर्ट झोन’मधून बाहेर पडा, निसर्गात जा, स्वतःला ओळखा, असा उपदेश करणारी व्याख्याने आता आमच्या वस्त्यांतही होऊ लागली आहेत. ऐकायला बरे वाटते. पण एक प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या सुखच आले नाही, त्याने कोणत्या सुखातून बाहेर पडायचे? आमचे आजे-पणजे तर कायम बाहेरच होते! गावकुसाबाहेर. रात्रीची राखण, रानातला लाकूडफाटा, मेलेली जनावरे ओढणे, दुष्काळात खडी फोडणे, हे सारे उघड्या आभाळाखालीच चालत होते. त्यांना निसर्ग भेटला तो राबणूक म्हणून. डोंगर डोळे भरून पाहण्याची फुरसत त्यांना कधी मिळालीच नाही.

आणि जेव्हा आमची माणसे हौसेने पाहायला गेली, तेव्हा काय झाले? १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहण्यास निघाले होते. दौलताबाद किल्ल्याच्या दाराबाहेरील हौदावर प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही सहकाऱ्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याची ओरड झाली, जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण पाण्याला कोणी शिवू नये म्हणून एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला! बॅरिस्टर होऊन, गोलमेज परिषद गाजवून आलेल्या माणसाची ही सहल. म्हणून आम्ही म्हणतो की, आमच्यासाठी डोंगर चढणे ही नुसती हौस नाही. ज्या जागी जायला मज्जाव होता, तिथे ताठ मानेने पाऊल ठेवणे आहे.

हे झाले इतिहासाचे. आता थोडे स्वतःकडे पाहू. शिक्षण आणि आरक्षण यांमुळे आमच्यातील एका वर्गाला स्थैर्य लाभले. पक्के घर, पगार, मुलांचे क्लास, रविवारी विहार. हे बाबासाहेबांच्या पुण्याईने मिळाले आणि त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. पण या स्थैर्याचाच आता एक कोश झाला आहे. आम्हीही त्यातलेच. कोर्टातून घरी, घरातून सभेला, सभेत तेच भाषण, त्याच टाळ्या. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नाही, त्याच्या वाटेला आम्ही जातच नाही. ही कबुली दिल्याशिवाय इतरांना उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही.

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातील काही मुलामुलींना घेऊन आम्ही भाजे लेणी पाहायला गेलो. लोणावळ्याच्या लोकलने मळवली स्टेशनवर उतरायचे आणि पायी निघायचे. निघण्याच्या आदल्या रात्री अकरावीतल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. “वकीलसाहेब, पोरीला काही झालं तर आम्ही कुणाकडं बघायचं?” या प्रश्नावर आमच्याकडे कायद्याचे एकही कलम नव्हते. ज्यांच्या घरी एकच मूल शिकते, त्यांच्यासाठी मोडलेला पाय म्हणजे मोडलेले वर्ष असते. या भीतीला अडाणीपणा म्हणणारे स्वतः विम्याच्या छायेत राहतात. आम्ही त्या माऊलीला जबाबदारीचा शब्द दिला, तेव्हा कुठे मुलगी आली.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना धाप लागली ती आम्हाला. चेंबरमध्ये बसून झालेले शरीर! ती मुलगी आमची पाण्याची बाटली हातात घेऊन पुढे उभी राहिली. सभेत कधी तोंड न उघडणारी ही मुलगी वर पोहोचल्यावर चैत्यगृहात बराच वेळ थांबली. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेला तो दगड. सह्याद्रीतील अशा लेण्यांच्या शिलालेखांत सुतार, लोहार, माळी अशा कष्टकऱ्यांच्याही दानाची नोंद आहे, हे आम्ही मुलांना सांगितले. म्हणजे हा डोंगर परका नव्हे, तो आमच्या पूर्वजांच्या धम्माचे घर आहे. खाली उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “सर, पुढच्या वेळी लोहगडावर जायचं का?” आमच्या कित्येक भाषणांनी जे झाले नव्हते, ते एका चढणीने झाले.

याच प्रश्नाला मोठे उत्तर २०१४ साली मिळाले. निजामाबाद जिल्ह्यातील पाकाला गावच्या शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर उभी राहिली. वय पूर्ण चौदाही नव्हते! तिच्यासोबत खम्मम जिल्ह्यातील आनंद कुमार हा दलित मुलगा होता. दोघेही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. या शाळांचे तेव्हाचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार यांनी ही योजना हाती घेतली. गिर्यारोहक शेखर बाबू यांनी मुलांना भोंगीरच्या कातळावर शिकवले, पुढे दार्जिलिंग आणि लडाखमध्ये सराव झाला. तिबेटच्या बाजूने चढाई करून शिखरावर पोहोचलेल्या या मुलांनी तिरंग्यासोबत बाबासाहेबांचे छायाचित्रही तिथे नेले. पूर्णा तिथे थांबली नाही. २०२२ साली तिने सातही खंडांतील सर्वोच्च शिखरे पूर्ण केली.

पूर्णा लंबाडा समाजाची. तेलंगणात हा समाज अनुसूचित जमातीत आहे, आपल्या महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. सरकारी यादी बदलली तरी तांड्यावरचे दारिद्र्य बदलत नाही. म्हणून ही गोष्ट आमच्यापासून दूरची नाही.

आता कोणी म्हणेल, दोन मुले शिखरावर गेल्याने जात गेली काय? नाही गेली. तसा आमचा दावाही नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. पूर्णा चमत्काराने वर गेली नाही. सरकारी शाळा, तळमळीचा अधिकारी, जाणता प्रशिक्षक, चांगले बूट, दोर आणि रीतसर सराव, या सगळ्यांनी मिळून तिला वर नेले. हिंमत तिची होती, पण हिंमतीला आधार संस्थेने दिला. हाच आधार नसेल तर ‘बाहेर पडा’ हा उपदेश म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणे होय!

महाराष्ट्रातही हे घडू शकते. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी ‘मिशन शौर्य’ अंतर्गत एव्हरेस्ट सर केले. मग अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठीच्या शासकीय निवासी शाळांनी सह्याद्री तरी का चढू नये? प्रत्येक सत्रात एक दिवस डोंगराचा असावा. प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचाराची पेटी, पायात बूट आणि मुलांचा विमा ही शासनाची जबाबदारी असावी. मुलींना वगळू नये. ही मागणी आमच्या संघटनांनी निवेदनात लिहावी आणि तिचा पाठपुरावा करावा.

शासन करील तेव्हा करील. तोवर विहारातल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनी, जवळच्या लेणीपर्यंत तरी चालत जावे. सिद्धार्थाने राजवाडा सोडला आणि बोधी प्राप्त झाली ती झाडाखाली. पुढे पंचेचाळीस वर्षे तथागतांची चारिका पायीच चालली. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पायऱ्यांना भिऊन कसे चालेल?

त्या आईला आम्ही फोन करून मुलगी सुखरूप पोहोचल्याचे कळवले. पुढचा बेत लोहगडाचा आहे, हेही सांगितले. माऊली क्षणभर थांबली आणि म्हणाली, “न्या. पण तुम्ही जपून चढा.”

जयभीम!