मार्कंड्याचे विखुरलेले दप्तर

वैनगंगेच्या डाव्या काठावरचे मार्कंडा हे गाव कागदोपत्री एका जागी सापडत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, नदी जिथे उत्तरवाहिनी होते तिथे, दगडी देवळांचा समूह उभा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते, एवढे विदर्भात बहुतेकांना ठाऊक असते. मात्र इंपीरियल गॅझेटिअरमध्ये हे गाव ‘मार्कंडी’ या नावाखाली आहे, आणि भाविकांच्या तोंडी ते ‘मार्कंडादेव’ आहे. जिल्हा म्हणावा तर २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपूर, त्याआधी १९६४ पर्यंत चांदा. गडचिरोली तहसील झाली १९०५ साली. त्याआधीचे कागद ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींच्या नावावर. प्रांत तर आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. अभिलेखपालापुढचा पहिला प्रश्न असा असतो : कागद आहे, पण तो मागायचा कोणत्या नावाने?

डिजिटल मानव्यविद्या हे नाव भारदस्त वाटले तरी या शाखेचा रोजचा धंदा याच प्रश्नाशी आहे. इतिहास, भाषा, साहित्य, कला यांची साधने संगणकाच्या मदतीने जमवायची, त्यांचे वर्णन करायचे, एकमेकांशी जोडायची आणि त्यांतून नवे प्रश्न विचारायचे, असे तिचे स्वरूप आहे. तिची सुरुवात सहसा रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट पाद्र्यापासून धरतात. संत थॉमस अक्वायनसच्या ग्रंथांतल्या प्रत्येक शब्दाची सूची करण्यासाठी त्याने १९४९ साली आयबीएम कंपनीची मदत मागितली. पंच केलेल्या कार्डांवर सुरू झालेले ते काम सुमारे तीस वर्षांनी ५६ खंडांत छापून पुरे झाले. यंत्र आले तरी शब्द वेचणे आणि लावणे हे काम माणसांनाच करावे लागले, आणि अजूनही तेच चालू आहे.

हे कसब पुस्तकातून फारसे येत नाही. शेजारी बसून येते. म्हणून या क्षेत्रात मेळाव्यांना महत्त्व आले. २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ‘दॅटकॅम्प’ नावाचा प्रकार सुरू केला. त्यात आधी ठरलेले निबंधवाचन नसे. लोक सकाळी जमत, आपापली अडचण सांगत, त्यावरून दिवसाचा कार्यक्रम ठरे, आणि अभिलेखपाल, प्राध्यापक, संगणकतज्ज्ञ एका टेबलाशी बसून ती सोडवू पाहत. भारतात या शाखेच्या अभ्यासकांनी उभ्या केलेल्या संघटनेची पहिली परिषद २०१८ साली इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत झाली. पुढे ती संघटना ‘धरती’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

गडचिरोलीला हा ‘नवा’ प्रकार मुळीच नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात कितीतरी आधीपासून अभ्यास गट चालतो. विषय कोणाचाही असो, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, सर्वांनी बसून तो समजून घ्यावा; निर्णय मात्र अभ्यास गटाने घ्यायचा नाही, तो ग्रामसभेत सर्वसहमतीने व्हायचा. शिकण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवण्याचे हे शहाणपण मोठमोठ्या परिषदांनीही उचलावे असे आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत, २००९ साली, मेंढ्याचे नाव येते.

या कायद्यानेच जुन्या दप्तराला जंगलपट्ट्यात नवे मोल आणले. २००८ च्या नियमांतला १३ वा नियम दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील ते सांगतो : गॅझेटिअर, जनगणना, जमीनमहसूल बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, निस्तार म्हणजे जंगलवापराच्या हक्कांच्या नोंदी, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले म्हणणेही. म्हणजे मेजर ल्यूसी स्मिथने १८६९ साली लिहिलेला चांदा जिल्ह्याचा बंदोबस्त अहवाल आणि एखाद्या म्हाताऱ्या आजीने सांगितलेली शिवाराची हद्द, दोन्ही एकाच यादीत बसतात. जातीच्या दाखल्याचेही तसेच. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना विदर्भातला माणूस कोतवाल बुकाची नक्कल, बंदोबस्त मिसल, पी-१ अशा कागदांमागे हिंडतो. अभिलेखागाराचा खरा वाचक संशोधक असतो, हा समज त्यामुळे तपासून घेण्यासारखा आहे.

साधनांची कमतरता नाही, आणि त्यांतली बरीच फुकट आहेत. संशोधकाने दप्तरखान्यात काढलेले शेकडो फोटो नीट लावण्यासाठी ‘ट्रोपी’ आहे. छोट्या संग्रहाचे प्रदर्शन इंटरनेटवर मांडण्यासाठी ‘ओमेका’ आहे. संपूर्ण अभिलेखागाराची श्रेणीबद्ध सूची करण्यासाठी ‘अ‍ॅटम’ आहे. तिसऱ्यामागे आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेने आखलेली पद्धत आहे : आधी कागद ज्याच्याकडून आले तो संपूर्ण संग्रह, मग त्यातली मालिका, मग फाइल, शेवटी एकेक कागद. जुन्या दप्तरखान्यातला रुमाल, त्यातला पुडका, त्यातला कागद ही उतरंड जवळपास तशीच होती. रुमाल सोडून कागद विषयवार लावण्याचा मोह नवशिक्याला होतो. तो टाळावा, कारण कागदाच्या शेजारी कोणता कागद होता हीही माहितीच असते.

सूचीचे एक कार्ड भरून पाहिले की काम कळते. १९९५ साली अमेरिकेतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ नावाचा मोजक्या रकान्यांचा नमुना निघाला. आज त्याचे मूळ रकाने १५ आहेत. समोर अलेक्झांडर कनिंगहॅमच्या पुरातत्त्व अहवालांच्या नवव्या खंडातले मार्कंड्याचे वर्णन आहे असे समजावे. कर्ता : कनिंगहॅम. दौरा १८७३ ते १८७५, प्रकाशन १८७९. या दोन तारखा वेगळ्या लिहायच्या, नाहीतर देऊळ पाहिले केव्हा आणि छापले केव्हा यात घोळ होतो. भाषा : इंग्रजी. विषय : देवळे. व्याप्तीच्या रकान्यात मात्र ‘मार्कंडा’ एवढेच लिहून भागत नाही. तिथे मार्कंडी, मार्कंडादेव, चांदा, चंद्रपूर, चामोर्शी, गडचिरोली ही सगळी नावे देवनागरीत आणि रोमनमध्ये हवीत, आणि जोडीला अक्षांश-रेखांश. नावे बदलतात, नदीकाठची ती जागा बदलत नाही. या एका रकान्यावर अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही. स्कॅनिंगवर पैसा ओतून हा रकाना कोरा ठेवलेले संग्रह थोडे नाहीत. त्यांचा उपयोग कुलूप लावलेल्या कपाटाइतकाच.

चित्रण करतानाचे नियम साधे आहेत. बांधीव नोंदवही पूर्ण उघडून दाबायची नाही, पुठ्ठ्याखाली गादी देऊन टेकवायची. कॅमेरा वरून सरळ, दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, फ्लॅश बंद, कडेला मोजपट्टी. कोरे पानही टिपायचे, म्हणजे मधले पान सुटले अशी शंका उरत नाही. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपायची, वाचकाला जेपेग द्यायची. प्रत्येक फाइलचा ‘चेकसम’ काढून ठेवायचा. फाइलीतला एक बिंदू जरी बदलला तरी हा आकडा बदलतो आणि बिघाड उघडा पडतो. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

लिपीचा अडसर आता पूर्वीइतका राहिला नाही. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, मसराम गोंडीला २०१७ साली आणि गुंजाळा गोंडीला २०१८ साली. मोडीचा कागद मोडीतच टंकून तो शोधता येण्याची सोय त्यामुळे झाली. गोंडी आणि माडियातले बरेचसे ज्ञान मात्र लिहिलेले नाहीच. ते गाण्यांत, गोत्रांच्या कथांत, जागांच्या नावांत आहे. ध्वनिमुद्रण करताना सांगणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत घ्यावी, आणि कोणते गाणे कोणाला ऐकू द्यायचे हे गावाला ठरवू द्यावे. मेंढ्याची ‘शिकणे वेगळे, ठरवणे वेगळे’ ही रीत इथे फार उपयोगी पडते.

दगडाचेही दप्तर असते. कनिंगहॅमने सुमारे १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद आवारातली मार्कंड्याची देवळे मोजली. मुख्य देवळावर वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळल्याची आणि पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाल्याची हकिकत त्याने नोंदवली. पडण्यापूर्वीचे शिखर कसे होते याचे चित्र मात्र कोणाकडेच नाही. आज शेजारी मोजपट्टी ठेवून एकमेकांवर निम्म्याहून अधिक चढणारे काही शे फोटो काढले तर त्यांतून शिल्पाची मापासकट त्रिमिती प्रतिकृती उभी राहते. झिजलेल्या अक्षरांवर निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून काढलेले फोटो एकत्र केले की बोटाला न लागणारी रेघही दिसू लागते. संरक्षित स्मारकात अशा चित्रणाआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागू शकते. ती चौकशी आधी करावी.

आंतरराष्ट्रीय अभिलेख दिन ९ जूनला असतो. विदर्भात तोवर मृग लागलेला असतो आणि हवेतला ओलावा कागदाला सोसत नाही. गावातल्या जुन्या वह्यांचे चित्रण करायचे असेल तर ते मे महिन्यातच उरकावे, आणि तेही सावलीत. कडक उन्हात ठेवलेला कागद कोरडा होतो खरा, पण पिवळाही पडतो.