रीस्टार्ट करण्याआधी: लिस्पच्या सर्व्हरविषयी सहा गैरसमज

शुक्रवारी कुवेतला सुट्टी आणि पुण्यात कामाचा दिवस. इथे कुवेतमधल्या खैतानमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेअकरा झालेले असतात, आणि माझा फोन बहुधा त्याच सुमारास वाजतो. "सर्व्हर गेला. रीस्टार्ट करू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: "थांब. आधी पडद्यावर काय आलंय ते वाचून दाखव."

लिस्पच्या बाबतीत हा आग्रह मी सोडत नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत या भाषेची आखणी सुरू केली. कॉमन लिस्पचं अन्सी मानक १९९४ चं. एसबीसीएल हा मुक्त कंपायलर, ईमॅक्स हा एडिटर आणि त्यांना जोडणारं स्लाइम ही आजची नेहमीची जुळणी. या जुळणीत चालू प्रोग्रॅमला प्रश्न विचारता येतात. रीस्टार्ट केलं की उत्तर देणाराच उरत नाही. म्हणून नव्या मंडळींकडून वारंवार ऐकलेले हे गैरसमज एकदा नीट सोडवून ठेवतो.

गैरसमज १: सगळ्या वॉर्निंग सारख्याच, प्रोग्रॅम चालतोय तर सोडून द्याव्यात.

वस्तुस्थिती: एसबीसीएल तीन वेगळ्या पातळ्यांवर बोलतं. 'नोट' म्हणजे वेग वाढवायची सूचना. तिच्यात चूक दाखवलेली नसते. 'स्टाइल वॉर्निंग' म्हणजे शंका: एखादं व्हेरिएबल घेतलं पण वापरलंच नाही, वगैरे. मुद्दाम वापरलं नसेल, तर 'इग्नोर' असं जाहीर केलं की ती शंका मिटते. नुसती 'वॉर्निंग' मात्र गंभीर असते. १ या आकड्यात "दोन" ही अक्षरमाला मिळवायला सांगितलीत, तर कंपायलर तिथेच वॉर्निंग देतो, कारण ती ओळ चालली की कोसळणारच. फाइल कंपाइल करणारं फंक्शन तीन मूल्यं परत देतं. त्यातलं तिसरं अपयशाचं, आणि ते निव्वळ स्टाइल वॉर्निंगने कधीच खरं होत नाही. एसबीसीएलवर एएसडीएफ हे बांधणीचं साधन अशा अपयशाला थांबतं ते उगीच नाही.

गैरसमज २: 'अनडिफाइंड फंक्शन' ही वॉर्निंग येतच असते.

वस्तुस्थिती: फंक्शन त्याच फाइलमध्ये पुढे कुठेतरी लिहिलेलं असेल, तर ही वॉर्निंग येत नाही. कंपायलर अशी नावं बाजूला ठेवतो आणि कंपाइलचं पूर्ण एकक संपल्यावर जी सापडली नाहीत तेवढीच सांगतो. एकटी फाइल कंपाइल केली असेल, तर ते फंक्शन न चढवलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये असू शकतं. पण संपूर्ण प्रणाली बांधल्यावरही नाव यादीत उरलं, तर स्पेलिंग तपासा, पॅकेज तपासा, फाइलींचा क्रम तपासा. एक अक्षर चुकलेलं नाव आठवडाभर गप्प बसतं आणि ज्या दिवशी ती वाट वापरली जाते त्या दिवशी सर्व्हर अडतो.

गैरसमज ३: स्लाइमची जोडणी नाकारली गेली म्हणजे सर्व्हर मेला.

वस्तुस्थिती: स्लाइमचा लिस्पकडचा भाग म्हणजे स्वँक. तो स्वतः छोटा सर्व्हर आहे आणि ठरावीक पोर्ट न दिल्यास ४००५ वर ऐकतो. तो सुरू करताना 'डोन्ट-क्लोज' हा पर्याय दिला नाही, तर पहिली जोडणी होताच तो ऐकणं बंद करतो. सकाळी जोडलं गेलं आणि दुपारी नकार मिळाला, तर आधी हे पाहा. तुमचा मूळ प्रोग्रॅम शांतपणे चालू असेल. उलट 'पत्ता आधीच वापरात आहे' असा संदेश आला, तर बहुतेक वेळा जुनी प्रोसेस पोर्ट धरून बसलेली असते. ती कोणती हे एलएसओएफ ही आज्ञा सांगते. आणखी एक: स्वँक मुळात त्याच यंत्रावरच्या जोडण्या घेतो. खैतानहून पुण्याला जोडायचं तर एसएसएच बोगद्यातून जावं. ते पोर्ट इंटरनेटला उघडं टाकणं म्हणजे येणाऱ्या कुणालाही तुमच्या यंत्रावर हवा तो कोड चालवू देणं.

गैरसमज ४: फंक्शन नव्याने कंपाइल केलं की चालू सर्व्हर लगेच नवा कोड वापरतो.

वस्तुस्थिती: नावाने केलेली पुढची हाक नव्या कोडकडे जाते. पण न संपणाऱ्या लूपमध्ये फिरणारं फंक्शन त्या लूपमधून बाहेर पडेपर्यंत जुनंच राहतं. कोणतं पान कोणतं फंक्शन देतं, त्या यादीत फंक्शनचं नाव न देता प्रत्यक्ष फंक्शन-वस्तू दिली असेल, तर यादी जुन्यालाच धरून ठेवते. मॅक्रो किंवा इनलाइन फंक्शन बदललं, तर ते वापरणारी फंक्शनंही पुन्हा कंपाइल करावी लागतात. आणि 'डिफव्हार'ने ठेवलेलं मूल्य फाइल पुन्हा चढवली तरी बदलत नाही. त्यासाठी 'डिफपॅरामीटर' आहे. 'मी बदल केला पण काहीच झालं नाही' अशी तक्रार आली, की मी याच चार जागा पाहतो.

गैरसमज ५: टर्मिनलवर चालतो, म्हणजे सिस्टमडीखालीही चालेल.

वस्तुस्थिती: टर्मिनलवर मुख्य थ्रेड तुमच्या आज्ञेची वाट पाहत बसतो, म्हणून प्रोसेस जिवंत असते. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था. तिच्याखाली समोर कीबोर्ड नसतो. आज्ञा वाचायला जाताच 'मजकूर संपला' असं उत्तर मिळतं आणि एसबीसीएल बंद होतं. हंचनटूटसारखा वेब सर्व्हर वेगळ्या थ्रेडवर चालतो. मुख्य थ्रेड संपला की तोही जातो. यावर उपाय असा: मुख्य थ्रेडला सर्व्हरच्या थ्रेडसाठी थांबवून ठेवा आणि डीबगर बंद करण्याचा पर्याय द्या. मग कुणी न सांभाळलेली चूक आली, तर बॅकट्रेस नोंदीत उतरतो आणि प्रोसेस अपयशाचा कोड देऊन बाहेर पडते.

गैरसमज ६: मजकुराची लांबी म्हणजे बाइट्सची संख्या.

वस्तुस्थिती: मराठीत हा गैरसमज महागात पडतो. 'खैतान' हा शब्द घ्या. वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात: खै, ता, न. लिस्पला लांबी विचारली तर ती ५ सांगते, कारण दोन मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये हाच शब्द १५ बाइट्स घेतो. उत्तराच्या शीर्षात मजकुराची लांबी ५ लिहिलीत, तर ब्राउझर पाचच बाइट्स घेतो: 'ख' पूर्ण येतो, मात्रा अर्धवट तुटते आणि पुढचं सगळं गायब. इंग्रजी पान मात्र याच कोडने व्यवस्थित दिसतं, म्हणून दोष सर्व्हरवर, नेटवर्कवर, फाँटवर जातो. आधी बाइट्समध्ये रूपांतर करा, मग मोजा.

चालू प्रोग्रॅमला विचारण्याचं मोल किती, याचा दाखला अंतराळातला आहे. मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस १ यानावर रिमोट एजंट हा लिस्पमधला प्रोग्रॅम प्रयोगादरम्यान अडकला. कारण होतं थ्रेड्समधली वेळेची शर्यत. जमिनीवरच्या चाचण्यांत ती दिसली नव्हती. त्या काळात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत काम केलेल्या रॉन गॅरेट यांनी लिहून ठेवलं आहे, की यानावर लिस्पचा संवादी आरईपीएल चालू असणं दोष शोधून दुरुस्त करताना अमूल्य ठरलं. कोट्यवधी किलोमीटरवरच्या यानाला विचारता येतं, तर पुण्यातल्या यंत्राला नक्कीच विचारता येईल.

तेव्हा सर्व्हर अडला की क्रम असा ठेवा. प्रोसेस जिवंत आहे का, पोर्ट कुणाकडे आहे, कोणते थ्रेड चालू आहेत, बॅकट्रेस काय सांगतो आणि शेवटच्या बांधणीत कोणत्या वॉर्निंग आल्या होत्या. हे पाच प्रश्न दहा मिनिटांत होतात. उत्तरं वहीत उतरवून घ्या. त्यानंतर खुशाल रीस्टार्ट करा.