गोलात उभा राहणारा माणूस

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग बुटीबोरीला आला की त्याला उजवीकडे एक फाटा फुटतो. तो वर्ध्यावरून यवतमाळला जातो. सकाळचे फिरणे झाले की मी तिथल्या चहाच्या टपरीवर टेकतो. एमआयडीसीतली रात्रपाळी सुटलेली असते, गप्पा क्रिकेटच्या असतात. एकदा मी विचारले, "याच रस्त्याने पुढे यवतमाळ. तिथल्या एका पोराने भारताच्या हॉकी संघाचा गोल राखला. नाव सांगा!" कोणालाच आठवेना. टपरीवाला तेवढा म्हणाला, "गोल वाचवला तं कोनी नाव घेत नाही जी. खाल्ला का सारं गाव बोंबलते!"

त्या पोराचे नाव आकाश चिकटे. जन्म १९९२चा.

गोलरक्षकाचे काम मोठे विचित्र. ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच चौकट आणि दीडशे ग्रॅमहून जड, टणक चेंडू. बर्फावरच्या हॉकीत तर १९५९पर्यंत बहुतेक गोलरक्षक सामन्यात उघड्या तोंडानेच उभे राहत. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये जाक प्लांत या मॉन्ट्रियलच्या गोलरक्षकाच्या तोंडावर चकती बसली. टाके घालून परतताना त्याने मुखवटा घातला, तेव्हापासून ती चाल रुळली. दुखापत हा या धंद्याचा जोडीदारच.

आकाशला मोठी संधी मिळाली तीही दुसऱ्याच्या दुखापतीमुळे. ऑक्टोबर २०१६मध्ये मलेशियात आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या वेळी श्रीजेश जायबंदी झाला. ऐन दिवाळीत, ३० ऑक्टोबरला, पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात आकाश गोलात उभा राहिला. भारताने ३-२ असा विजय मिळवला. २०१७मध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या संघातही तो होता. त्याच डिसेंबरात भुवनेश्वरला जागतिक लीगच्या अंतिम स्पर्धेत बेल्जियमशी ३-३ बरोबरी झाली आणि सामना शूटआउटवर गेला. त्यात २३ मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू चाल करून येतो. त्याच्यापाशी असतात आठ सेकंद आणि समोर एकटा गोलरक्षक. त्या रात्री आकाश भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत उपांत्य फेरीत गेला.

आणि अवघ्या तीन महिन्यांत सारे फिरले. फेब्रुवारी २०१८मध्ये बंगळूरच्या सराव शिबिरात घेतलेल्या नमुन्यात बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. पायाच्या दुखापतीवर औषध घेतले होते, असे त्याचे म्हणणे. हे जाणूनबुजून केलेले नाही, हे सुनावणी मंडळाने मान्य केले, तरीही दोन वर्षांची बंदी घातली. नियमच तसा आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, मग ते कसेही आलेले असो. हेतू नसेल तर शिक्षा कमी होते, चुकत नाही. त्या वर्षीची राष्ट्रकुल स्पर्धा, आशियाई क्रीडा स्पर्धा आणि भुवनेश्वरचा विश्वचषक, सारे त्या बंदीत गेले.

ज्या घरांत मैदानावर जाणारी मुले आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे. गोळी साधी असो, पावडर ओळखीच्याने दिलेली असो, आधी संघाच्या डॉक्टरांना विचारावे. आजारासाठी बंदीतले औषध घेणे भागच असेल तर रीतसर परवानगी मागता येते.

मी उमेदीत रोखपाल होतो. रोकड रोज जुळली तर कोणी पाठ थोपटत नसे. एकदा पाचशे रुपये कमी भरले, ते मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत शाखेत चघळले गेले. म्हणून टपरीवाल्याचे बोलणे मला झोंबले.

पण त्याच बँकेने मला दुसरेही शिकवले. खातेवहीत चुकीचा आकडा खरवडून काढायचा नसतो. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. मात्र त्या एका रेघेपायी कोणी अख्खे पान फाडत नाही. आकाशच्या वहीत २०१८ची नोंद आहे आणि राहील. तशीच २०१६च्या दिवाळीचीही.

परवा टपरीवाल्याने यवतमाळच्या गाडीकडे बोट दाखवून एका पोराला विचारले, "तिकडचा गोलकीपर कोन, सांग बरं?" पोराला येईना. मग त्यानेच नाव सांगितले. माझा चहा त्या दिवशी जरा जास्तच गोड लागला.