जठराचा कर्करोग : निदान आणि उपचार

११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उद्घाटन झाले, तेव्हा पोप तेविसावे जॉन यांच्या जठरातील कर्करोगाचे निदान होऊन जेमतेम तीन आठवडे लोटले होते. ३ जून १९६३ रोजी त्याच आजारात ते निवर्तले.

हा आजार फसवा आहे. प्रारंभी तो बहुधा दुखत नाही. थोडे खाल्ले तरी पोट भरते, जळजळते, आणि आपण ‘अ‍ॅसिडिटी’ समजून महिनोन्महिने गोळ्या घेत राहतो. वजन घटणे, शौचास काळे होणे, रक्त कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे. आतून काढलेल्या तुकड्याच्या परीक्षणानेच निदान पक्के होते.

प्रमुख कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला! २००५ साली त्यांना व डॉ. रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक लाभले. प्रतिजैविकांनी हा जिवाणू नष्ट करता येतो. तंबाखू व खारवलेली मासळीही धोका वाढविते. किनाऱ्यावरील आपल्या लोकांना हे रुचणार नाही, तरी सांगणे भाग आहे.

अगदी आरंभीची गाठ दुर्बिणीतूनच काढता येते. पुढील अवस्थेत जठराचा भाग किंवा संपूर्ण जठर काढतात. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर बहुधा केमोथेरपी देतात. जठराविना माणूस जेवणार कसा, ही नातेवाइकांची पहिली चिंता असते. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली जाते. रुग्ण दिवसातून सहा वेळा थोडेथोडे जेवतो आणि बी-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आयुष्यभर घेतो.